दुर्गंधी आढळली नाही

रविवारी सकाळी दूध इतका वेळ का तापत नाही हे बघायला धनराज गांगुर्डे टेबलावरून उठला, ओट्याशी गेला, शेगडी विझलेली दिसली म्हणून त्यानं लायटर उचलला, आणि तेवढ्यात दार उघडून त्याची बायको अंजली आत आली. तिच्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या. ती उंबऱ्यातच थांबली आणि वर्गातल्या भेदरलेल्या पोराशी बोलावं तशा हळू आवाजात म्हणाली, "लायटर खाली ठेवा." त्यानं ठेवला. का ते त्याला कळलं नव्हतं. तिनं पिशव्या जमिनीवर सोडल्या, पुढं जाऊन शेगडीची कळ फिरवली, सिलिंडर बंद केला, एकेक करून खिडक्या उघडल्या आणि त्याचा दंड धरून त्याला बाल्कनीत नेऊन उभं केलं. खाली सातपूरचा रस्ता रोजच्यासारखा चालू होता. कारखान्याची एक बस पहिल्या पाळीची माणसं सोडून रिकामी परत चालली होती. दुसऱ्या मजल्यापासून जिन्यात वास येतोय, ती म्हणाली. मग जरा वेळानं, त्याच्याकडं न बघता तिनं विचारलं, "तुम्हाला आला नाही?" सर्दी झालीय, असं त्यानं सांगितलं. त्याला सर्दी झालेली नव्हती.

वाऱ्यानं ज्योत विझली असणार. त्यानंतर तो पंचवीस मिनिटं शेगडीपासून चार हातांवर पेपर वाचत बसला होता. आपण दोघंही गेलो असतो हे त्याला समजत होतं, पण त्याचं मन त्या विचारावर ठरत नव्हतं. ते पुन्हा पुन्हा शुक्रवारी संध्याकाळी सही करून पाठवलेल्या एका पत्राकडं जात होतं. धनराज एका मोठ्या खाद्यपदार्थ कंपनीत पर्यावरण विभागाचा प्रमुख होता. सातपूरला मसाल्यांचा कारखाना, घोटीला भाताची गिरणी आणि विंचूरला कांदा वाळवून त्याच्या चकत्या आणि पूड करण्याचा कारखाना, या तिन्ही ठिकाणचा धूर, राख, सांडपाणी आणि आवाज त्याच्या ताब्यात होता, म्हणजे त्यातलं काय बाहेर गेलं आणि काय नाही हे सांगायची जबाबदारी त्याची होती. विंचूरच्या कारखान्याच्या भिंतीला लागून चाळीस घरांची वस्ती होती. तिथून वर्षभरात तीनदा वासाची तक्रार आली, तिन्ही वेळा तो स्वतः गेला, आणि तिन्ही पत्रांत त्यानं लिहिलं, की प्रत्यक्ष स्थळपाहणी केली असता परिसरात दुर्गंधी आढळली नाही. खाली त्याची सही. त्यातलं तिसरं पत्र शुक्रवारचं. ते वाक्य लिहिताना त्याला कधी अडखळायला झालं नव्हतं, कारण ते खरं होतं. तो तिथं उभा राहिला होता, छाती भरून श्वास घेतला होता, आणि त्याला काही आढळलं नव्हतं.

दुपारी अंजली झोपल्यावर त्यानं स्वयंपाकघरातल्या बरण्या टेबलावर मांडल्या. कॉफी, लवंग, हिंग, वेलची, फिनेलची बाटली, साबणाची वडी. एकेक उघडून त्यानं नाकाशी नेली आणि प्रत्येकीचा वास त्याला आला. कॉफी कॉफीसारखी, हिंग हिंगासारखा. त्याला हलकं वाटलं. मग त्याच्या मनात आलं म्हणून त्यानं डोळे मिटले, बरण्या इकडच्या तिकडं केल्या आणि हाताला येईल ती उचलून हुंगली. काहीच नव्हतं. दुसरी, काहीच नव्हतं. एकीला नाकात जरा गार झोंबल्यासारखं झालं, पण त्या झोंबण्याला नाव नव्हतं. त्यानं डोळे उघडले. हातात हिंगाची डबी होती, आणि ती दिसताक्षणी हिंगाचा वास आला. कुणीतरी आपल्याच घरात आपल्या नकळत राहतंय, आपल्या ताटात जेवतंय, आपली उत्तरं देतंय, असं काहीतरी त्याला वाटलं.

कारण नाक हेच तर त्याचं सगळं होतं. सातपूरच्या ज्या कॉलनीत तो वाढला तिथं नळाचं पाणी आणि नाला एकाच चरातून यायचे, आणि कुठंतरी एक नळी फुटलेली होती. पाणी दिसायला निव्वळ काच. कधी चांगलं यायचं, कधी त्यात नाला मिसळलेला असायचा. तो नऊ वर्षांचा असताना बायका त्याला पहाटे उठवून नळावर न्यायच्या. लताबाईचा धनू, त्याचं नाक फसत नाही, असं म्हणायच्या. तो ओंजळीत पाणी घेऊन हुंगायचा आणि मान हलवायचा, होकारार्थी किंवा नकारार्थी, आणि त्या मानेवर साठ हंडे भरले जायचे किंवा रिकामे परत जायचे. शाळेत तो वर्गात शिरला की मागच्या बाकावरची दोघं-तिघं नाक दाबायची. म्हणून तो आत शिरण्याआधी दारात थांबून स्वतःचा शर्ट हुंगून बघायचा. शर्टाला साबणाचाच वास यायचा. हे त्याला नक्की माहीत असायचं, आणि त्या खात्रीवर तो आत जाऊन बसायचा. पुढं रसायनशास्त्र शिकला, कंपनीत लागला. एकदा मसाल्याच्या कारखान्यात कुठल्याच यंत्रानं न दाखवलेली वायूची गळती त्यानं दारातून आत येतानाच सांगितली. तेव्हापासून गांगुर्डे साहेबांचं नाक हा कंपनीतला शब्दप्रयोग झाला. दुसऱ्या लाटेत त्याला कोरोना झाला, महिनाभर वास गेला, आणि एका सकाळी चहाचा कप समोर आल्यावर तो परत आला. त्यानं सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं. त्या सकाळी नेमकं काय परत आलं होतं?

सोमवारी त्यानं रजा टाकली आणि नाकाच्या डॉक्टरांकडं गेला. डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांनी बारा बाटल्या एकामागून एक त्याच्या नाकाखाली धरल्या. पट्टी सोडली तेव्हा त्यांचा चेहरा बघूनच त्याला कळलं. डॉक्टर वयस्कर होते, घाई न करता बोलणारे. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं ते वेगळ्या नसेचं काम, ती शाबूत आहे, म्हणून तुम्हाला फसायला झालं, असं त्यांनी समजावलं. बाकी वस्तू डोळ्यांना दिसते, मेंदू जुना वास काढून पुढं ठेवतो. "तुमचं नाक गेली तीन वर्षं वास घेत नव्हतं," ते म्हणाले, "आठवत होतं." परत येईल का, असं धनराजनं विचारलं नाही. त्यानं विचारलं, की जो वास पूर्वी कधी घेतलेलाच नाही आणि जो कशातून येतो ते समोर दिसत नाही, तो मला आठवला असता का. डॉक्टरांना प्रश्न जरा विचित्र वाटला असावा. नाही, ते म्हणाले, तो तुमच्यासाठी नव्हताच.

बाहेर गाडीत बसून त्यानं किल्ली लावली नाही. विंचूरची अंगणवाडी त्याच्या डोळ्यांसमोर आली. डिसेंबरमधली दुसरी पाहणी. दुपारची वेळ, पोरं खिचडीच्या ताटल्या घेऊन भिंतीशी बसलेली, आणि त्यातल्या आठ-दहा जणांनी सदऱ्याचे, फ्रॉकचे गळे वर ओढून नाकावर घेतलेले. तो मध्ये उभा राहून म्हणाला होता, मला तर काही येत नाही. अंगणवाडीची मदतनीस विमलाबाई खिचडीचा डाव हातात धरून त्याच्याकडं बघत राहिली होती. त्या बघण्याचा त्याला राग आला होता. पोरांना शिकवून बसवलंय, त्याला वाटलं. भिंतीआड नव्या भरतीची बोलणी चाललीत, त्यासाठी दबाव आणतायत. आणि ते त्यानं लिहिलंही होतं. पाहणीच्या वेळी मुलांना नाक झाकण्यास सांगण्यात आल्याचे दिसून आले. स्वच्छ, नेमकं वाक्य. स्वतःचा शर्ट हुंगणारा मुलगा ते वाक्य लिहिणाऱ्या माणसाच्या आत कुठं होता, हे तो शोधू लागला, आणि सापडलं नाही तेव्हा त्यानं किल्ली फिरवली. घरी जाऊन अंजलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, गॅसला वास कळणारं यंत्र बसवून घेऊ, आणि मग, त्या बाईंना भेटून या.

मंगळवारी तो विंचूरला निघाला. एप्रिल अर्धा सरला होता. चांदोरी मागं पडली, निफाड आलं, कांद्यानं भरलेले ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेनं एकामागून एक चालले होते आणि गाडीच्या काचा खाली असूनही सगळं एखाद्या बंद चित्रासारखं दिसत होतं. त्याला आई आठवत होती. लताबाई एकदा नळाच्या पाण्याची बाटली घेऊन त्याला हाताशी धरून नगरपालिकेच्या कचेरीत गेली होती. टेबलामागच्या माणसानं बाटली उजेडात धरली, पाणी तर स्वच्छ दिसतंय म्हणाला, आणि बाटली परत तिच्यापुढं सरकवली. आईनं बूच काढलं. "दिसतंय ते नका सांगू," ती म्हणाली, "वास घ्या." त्यानं घेतला नाही. आईनं बाटली तशीच उघडी त्याच्या टेबलावर ठेवली आणि दोघं चालत घरी आले. चौकातल्या दुकानातून तिनं धनूला पाटी-पेन्सिल घेऊन दिली, त्याची गरज नसताना.

विंचूरच्या कारखान्याचा व्यवस्थापक मनोज खैरनार त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होता. वाईट माणूस नव्हता. सकाळी सातला यायचा, कामगारांची नावं त्याला पाठ होती, आणि कांदा वाळवायच्या यंत्रांची दुसरी ओळ टाकायचा प्रस्ताव त्यानं दोन वर्षं खपून मंजुरीपर्यंत आणला होता. त्या प्रस्तावाला धनराजचं शुक्रवारचं पत्र जोडलेलं होतं. मनोजनं सगळं ऐकून घेतलं, डॉक्टरांचा कागद वाचला, आणि आधी तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाला, की यात घाबरण्यासारखं काही नाही. फाटकावरच्या हवा मोजणाऱ्या यंत्रातले आकडे बरोबर आहेत, पाण्याचे नमुने बरोबर आहेत, वासाला कुणी पट्टी लावून मोजत नाही. उद्या दुसऱ्या कुणाला पाठवून नवा अहवाल घेऊ, तुमचं नाव बाजूला ठेवू. धनराज म्हणाला, की नवा घ्यायचाच आहे, पण जुने तीन मागं घेतो. मनोज खुर्चीत पुढं झाला. "जुनं उकरू नका, सर. या ओळीवर वस्तीतली साठ माणसं लागणार आहेत. तुमच्या एका नाकापायी त्यांचं थांबवणार का?" धनराजला हा प्रश्न रात्रभर पडला होता. तो एवढंच म्हणाला, की ती माणसं काय वासात जगतायत हे मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचं मी तीनदा लिहून दिलंय. यंत्र फाटकाशी, पश्चिमेला आहे. वारा उन्हाळाभर पश्चिमेकडून येतो आणि वस्ती पूर्वेला आहे. हे आपण दोघंही जाणतो. धनराज उठला तेव्हा मनोज खिडकीतून बाहेर बघत होता.

अंगणवाडी म्हणजे पत्र्याचं छत असलेली एक खोली आणि पुढं शेणानं सारवलेलं अंगण. विमलाबाई मोठं पातेलं घासत होती. पन्नाशीची, काटक, डोक्यावरून पदर घट्ट घेतलेली. त्याला बघून ती उठली नाही. धनराजनं बूट काढले आणि तिच्यासमोर उकिडवा बसला, कारण उभं राहून हे सांगणं त्याला जमणार नव्हतं. मला वास येत नाही, तो म्हणाला. कशाचाच येत नाही, तीन वर्षं झाली, मला परवा कळलं. तुम्ही खरं बोलत होता. विमलाबाईनं पातेलं पालथं घातलं, हात धुतले आणि आत गेली. परत आली तेव्हा मूठ मिटलेली होती. "डोळे मिटा," ती म्हणाली. त्यानं मिटले. तिचा हात नाकाजवळ आल्याची ऊब त्याला लागली. काय हाय, तिनं विचारलं. माहीत नाही, तो म्हणाला. त्यानं डोळे उघडले. तिच्या तळव्यावर ठेचलेला लसूण होता, रस बोटांच्या फटीतून मनगटापर्यंत उतरलेला, आणि तो दिसताच त्याला लसणाचा वास आला.

"मला नोटीस आली," विमलाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "पोरास्नी नाक धराया शिकवलं म्हनून. तुमचं पत्र लावलंय तिला. दोन महिन्यांचं मानधन आडलंय. पन त्याचं नाय. गावात वाचून दाखवलं ते, ग्रामसभेत. पोरं इचारत्यात, बाई, आपुन खोटं नाक धरलं का?" माफी मागायचं धनराज ठरवून आला होता, पण त्या प्रश्नापुढं माफी हा शब्द फार सोपा वाटला. तो उच्चारला की आपलं काम संपल्यासारखं होईल आणि पोरांचा प्रश्न तसाच राहील. त्यानं विचारलं, की वास आत्ता येतोय का. तिनं मान वर केली, नाकपुड्या किंचित फुलल्या. आत्ता थोडा हाय, ती म्हणाली, जेवनाच्या टायमाला वाढंल. कुठून येतो, त्यानं विचारलं. भिंतीकडून. भिंतीच्या कुठल्या भागातून? आता तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. आमाला आत कोन सोडतंय, ती म्हणाली.

फाटकावर सावळीराम नावाचा पहारेकरी होता. पाहुण्यांच्या गेटपासाचं पुस्तक त्यानं पुढं केलं, पण पेन द्यायला कचरत होता. ह्या बाई तर वस्तीतल्या, साहेब. धनराजनं स्वतःच लिहायला घेतलं. नाव, गाव, कुणाला भेटायचं. येण्याचं कारण या रकान्याशी तो थांबला. तिथं साधारण मीटिंग, माल, दुरुस्ती असं असतं. पाहणी असं लिहून चाललं असतं. पण पाहणी हाच शब्द त्यानं तीनदा वापरला होता. त्यानं लिहिलं, वास घेण्यासाठी, आणि खाली सही केली. सावळीरामनं ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पास फाडून विमलाबाईच्या हातात दिला. तिला अक्षरं लावत वाचता येत होतं. तिनं तो वाचून घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि फाटकातून आत आली. चाळीस वर्षं त्या माळावर राहून ती पहिल्यांदाच आत येत होती. तिचा नवरा या भिंतीच्या पायाभरणीत राबला होता, हे तिनं चालता चालता सांगितलं.

तो तिला सवयीनं सांडपाणी शुद्ध करायच्या टाक्यांकडं घेऊन चालला. दर पाहणीत तो तिथंच जायचा. वास यायचाच तर तिथून येणार हे गृहीत होतं. टाक्यांच्या कठड्याशी ती उभी राहिली, दोन श्वास घेतले आणि म्हणाली, "हितला न्हाई ह्यो." तिथं वेगळा वास आहे, ओल्या मातीसारखा, तो वाईट नाही. मग ती आपणहून वळली. तिच्या चालण्यात काहीतरी होतं जे धनराजला ओळखीचं वाटलं. चार पावलं, थांबणं, तोंड जरा वाऱ्याकडं, पुन्हा चार पावलं. मध्येच ती म्हणाली, थांबा, नाक मरतं, आणि पदराच्या काठाशी चेहरा नेऊन थोडा वेळ उभी राहिली. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, तिलाही नाही. तो तिच्या मागं वही घेऊन वेळ आणि जागा लिहीत होता, आणि त्याच्या लक्षात आलं, की आपण स्वतःच्याच नाकाच्या मागं इतकं बारीक लक्ष देऊन कधी चाललो नव्हतो. मालाच्या शेडच्या पाठीमागं, जिथं पाहणीला कुणी जात नाही, तिथं पावसाचं पाणी वाहून न्यायचं झाकलेलं गटार होतं. शेजारी कांद्याच्या टरफलांचा माणूसभर उंच ढीग. विमलाबाई गटाराच्या सिमेंटच्या झाकणांवरून तीन-चार पावलं गेली आणि एकदम मागं सरली. पदर तोंडावर घेऊन तिनं पायानं खूण केली. दोन कामगारांनी पहार घालून झाकण उचललं. खाली काळं, जाड, हलणारं काहीतरी होतं. टरफलं धुतलेलं पाणी टाक्यांकडं जायच्याऐवजी कित्येक महिने इकडं झिरपून, साचून सडत होतं, आणि गटाराचं पुढचं तोंड अंगणवाडीच्या बाजूच्या भिंतीखाली उघडत होतं. झाकण उचलणाऱ्या दोघांतला एक जण बाजूला जाऊन ओकला. धनराज काठावर वाकून त्या काळ्या पाण्याकडं बघत होता. डोळ्यांना सगळं दिसत होतं, पण त्याला काही आठवलं नाही. हा वास त्याच्याकडं जुना नव्हताच.

त्या संध्याकाळी त्यानं तीन पत्रं मागं घेणारं चौथं पत्र लिहिलं. त्यात डॉक्टरांचा कागद जोडला, गटाराची हकीकत लिहिली, आणि मुलांबद्दलचं डिसेंबरमधलं वाक्य पूर्ण उतरवून, ते असत्य होते व ते लिहिण्यास मी जबाबदार आहे, असं लिहिलं. एक प्रत पंचायतीला, एक प्रदूषण नियंत्रणाच्या कचेरीला, एक विमलाबाईंच्या पर्यवेक्षिकेला, एक मुंबईच्या मुख्य कार्यालयाला. एक मेच्या ग्रामसभेत ते त्यानं स्वतः उभं राहून वाचलं. वाचताना आवाज नीट होता. फक्त खोटं नाक या शब्दांशी तो अडला, कारण ते पत्रात नव्हते, त्यानं आयत्या वेळी घातले. पोरांनी खोटं नाक धरलं नव्हतं, तो म्हणाला, खोटं नाक माझं होतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी शिव्याही दिल्या नाहीत. दुसऱ्या ओळीचं काय होणार, असं दोघा-तिघा तरुणांनी विचारलं. ती थांबली आहे, त्यानं सांगितलं, आणि त्यांच्या चेहऱ्याकडं बघायचं टाळलं नाही. मुंबईहून फोन आला तो सभ्य होता. जूनपासून विभागाची सूत्रं पुण्याच्या एका बाईंकडं जातील, तुम्ही विंचूरपुरतं बघा. वास न येणारा माणूस प्रमुख म्हणून शोभत नाही, असं कुणी बोललं नाही, पण तसंच होतं. राजीनामा टाकावा असं त्याला एक दिवस वाटलं. मग वाटलं, की आपण गेलो की हे प्रकरण गांगुर्डेंचं प्रकरण म्हणून मिटेल, आणि गटार तिथंच राहील. तो गेला नाही. विमलाबाईंची नोटीस मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात रद्द झाली. तिनं त्याला ते कळवलं नाही. पर्यवेक्षिकेच्या उत्तरावरून त्याला समजलं. आठवड्यातून दोनदा वस्तीतल्या दोन माणसांनी आत येऊन वास घ्यायचा आणि त्यांनी सांगितलेलंच लिहायचं, ही अट त्यानं मुख्य कार्यालयाकडून भांडून मान्य करून घेतली, आणि पहिलं नाव विमलाबाईंचं घातलं. ती येते म्हणाली. अजून तिनं त्याला चहा विचारला नव्हता.

मेअखेरीस गटार उपसून झालं. टरफलांचा ढीग हलला, धुण्याचं पाणी नव्या नळीनं टाक्यांकडं वळवलं, पत्र्याची शेड आली. मनोजनं त्यासाठी पाच आठवडे घरी धड जेवण घेतलं नव्हतं, आणि आता गटाराची झाकणं सिमेंटनं कायमची बसवून टाकायची होती. पावसाळ्याआधी ते झालं की दुसऱ्या ओळीचा कागद पुन्हा पुढं सरकणार होता. भर दुपारी सगळे शेडमागं जमले. मनोज, गवंडी, घमेली घेतलेले चौघं, आणि विमलाबाई. वारा पश्चिमेचा, कोरडा. ती गटाराच्या कडेनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश गेली, परत आली, आणि मधल्या एका झाकणाशी थांबली. धनराज तिच्या तोंडाकडं बघत होता. नाही म्हणा, त्याच्या आत कुणीतरी म्हणत होतं, एकदाच नाही म्हणा; आणि तो आवाज त्यानं ओळखला. तीन वर्षं त्याच्या नाकात बसून उत्तरं देणारा हाच होता. त्याला वास नको होता, म्हणून तो नव्हता. विमलाबाईनं पदराशी तोंड नेलं, नाकाला विसावा दिला, आणि पुन्हा खाली वाकली.

"येतोय," ती म्हणाली. "पयल्यावानी नाय. पन येतोय."

मनोज थकलेल्या आवाजात म्हणाला, बाई, एकदा नीट बघून घ्या, मलाही काही येत नाहीये. घमेलीवाले थांबले होते. विमलाबाईनं मनोजकडं बघितलं नाही, ती धनराजकडं बघत होती, डिसेंबरमध्ये बघितलं होतं तशीच. धनराजनं तिला पुन्हा विचारलं नाही. त्यानं गवंड्याला सांगितलं, सिमेंट कालवू नका, आधी हे झाकण काढा, मग याच्या पुढची तीन. मनोजनं कपाळावरचा घाम पुसला, आणि मग स्वतःच पहार उचलून दुसऱ्या माणसाच्या हातात दिली. झाकण कडेनं वर आलं तशी विमलाबाई एक पाऊल मागं सरली आणि तिनं नाकाला पदर लावला. धनराजनं ते बघितलं आणि वहीत वेळ लिहिली, बारा वाजून दहा मिनिटं.